डाव्या बाजूचा दांडा

ते चित्र स्क्रीनवर आलं तेव्हा गॅसवर डाळ होती. ती पार करपली, धूर बैठकीत आला, तरी मी चित्राकडेच बघत बसले होते. एका पेटंटातली आकृती होती ती. काळ्या बारीक रेघा, प्रत्येक भागाला बाण आणि आकडा. वर लिहिलं होतं, चारोळी फोडण्याचे हस्तचालित यंत्र. आणि ते यंत्र माझ्या अब्बांचं होतं.

अब्बांच्या यंत्रासारखं नाही हो, अब्बांचंच! आपल्या घरची कढई दुसऱ्याच्या चुलीवर दिसली तरी बाई ती ओळखते. तशी मी ओळखली.

मी घुग्घुसला राहते. नवरा सिमेंटच्या कारखान्यात शिफ्टला जातो आणि मी घरी बसून पुण्याच्या एका फर्मसाठी पेटंटं शोधते. खिडक्या उन्हाळ्यातही लावून घ्याव्या लागतात, तरी कीबोर्डवर कोळशाची भुकटी साचतेच. शेजारणींना वाटतं मी टायपिंगची कामं घेते. समजावून सांगायचा नाद मी कधीच सोडला, पण इथे सांगते, नाही तर माझा राग कोणाला कळायचा नाही.

कंपनी नवीन वस्तू काढायचं ठरवते तेव्हा साचे पाडायच्या आधी एक प्रश्न विचारते. हे आधीच कोणाच्या मालकीचं तर नाही? तो प्रश्न फिरत फिरत माझ्याकडे येतो. मग मी देशोदेशीची पेटंटं चाळते आणि सांगते की हे करा, हे करू नका, इथून वळसा घाला. प्रत्येक पेटंटाच्या शेवटी दावे असतात. दावा म्हणजे शेताचं कुंपण समजा. जेवढं शब्दांत घेतलं तेवढं मालकाचं, बाहेरचं सगळ्यांचं. त्या दिवशी एका क्लायंटला चारोळीचं मशीन बाजारात आणायचं होतं, म्हणून मी शोधत होते, आणि हे पुढ्यात आलं. अर्जदार एका मोठ्या शहरातली कंपनी. शोध लावणाऱ्यांची तीन नावं, त्यात अब्बा नाहीत. पेटंट मंजूर होऊन गेलेलं.

पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती दांड्यामुळे. चित्रात मशीन फिरवायचा दांडा डाव्या बाजूला होता.

आता त्या दांड्याची गोष्ट. अब्बांचं वर्कशॉप आलापल्लीला, रस्त्याला लागून. ट्रॉलीचे हूक, गेटं, बैलबंड्यांच्या चाकांच्या धावा, जे येईल ते करतात. माणूस नम्र वगैरे अजिबात नाही. "पूऱ्या तालुक्यात असा वेल्डिंग करून दाखवंन कोणी तं मिशी उतरवतो," असं दिवसातून एकदा तरी म्हणतात, आणि मिशी त्यांना नाहीच, नुसती दाढी आहे. जंगलातल्या गावांतल्या बाया चाराच्या झाडाच्या, म्हणजे चारोळीच्या, बिया जात्यावर भरडायच्या. टरफलाबरोबर आतला दाणाही चेंदला जायचा, आणि फुटकी चारोळी व्यापारी बाजूला लोटायचा. एका बाईनं अब्बांना म्हटलं, "मिस्त्रीभाऊ, दाना साबूत निंघन असं काई बनवून द्या न." त्यातून ते मशीन झालं. लोखंडाच्या दोन चकत्या, एकीवर ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर चिकटवलेलं, वर तेलाच्या डब्याचं तोंड कापून केलेला, बिया ओतायचा चाडा, आणि एक दांडा.

अब्बांची एक पद्धत आहे. मशीनची ऑर्डर द्यायला बाई आली की तिला आधी जमिनीवर बसवतात, घरी बसते तशीच. मग म्हणतात, "हात फिरवून दाखव बाई." बाई लाजते, बाकीच्या हसतात, पण ती हवेतल्या हवेत दांडा फिरवून दाखवते. ती किती वाकते, कोपर कुठे येतं, हे बघून अब्बा लोखंडावर खडूनं खूण करतात. दांडा तिथे बसतो. शिंपी मापं घेतो तसंच, म्हणून त्यांची दोन मशीनं कधी सारखी नसतात.

मशीन मागणारी ती पहिली बाई हेमलकश्याच्या वाटेवरच्या एका गावची, माडिया आदिवासी. तिनं हात फिरवून दाखवला तो डावा. बाजारात डाव्या हातानं पैसे पुढे केले की दुकानदार तोंड वाकडं करायचे, त्यामुळे तिनं दाखवला तोही जरा भीतभीतच. आमच्याकडे डाव्या हातानं पाणी प्यालं तरी दादी टपली मारायची. पण अब्बा काही बोलले नाहीत. डावीकडे खूण केली आणि पुढच्या कामाला लागले. पूर्ण आलापल्लीत डाव्या दांड्याचं मशीन ते एकच. बाकी सगळी उजवी.

आणि त्या तिघांनी नेमकं तेच मोजलं होतं!

ते आले तेव्हा मी माहेरीच होते. कॉलेज संपवून घरी बसले होते, पेटंट हा शब्दही धड माहीत नव्हता. गाडीतून दोन तरुण आणि एक मॅडम उतरले. गावोगावच्या अवजारांचा अभ्यास करतो म्हणाले. त्या बाईचं मशीन तेव्हा ग्रीसिंगला आलं होतं, ते दारातच पडलेलं. अब्बांना काय, बघणारं माणूस मिळालं की झालं. मी चहा केला, अम्मीनं भजी काढली, आणि अब्बांनी पाना घेऊन अख्खं मशीन उघडून दाखवलं. चकत्यांमध्ये किती फट ठेवायची, रबर कोणतं टिकतं, सगळं. एक जण टेप धरून मापं घेत होता, तेव्हा टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं सांगू? अब्बांनी! आमच्याकडे असंच चालतं. अब्बाही बल्लारशाच्या एका मिस्त्रीच्या दुकानात उभे राहून शिकलेले. बघायला आलेल्याला दाखवायचं, हा रिवाज. मालकी कोणाची, हे तिथे कोणी बोलतही नाही.

दांडा डावीकडे का, हे त्या तिघांनी विचारलं नाही. अब्बांनीही सांगितलं नाही, कारण त्यांच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काय होतं? बाई डावखुरी, म्हणून दांडा डावा.

मी पेटंट पुढे वाचत गेले आणि अंगाचा नुसता तिळपापड होत गेला. ट्यूबच्या तुकड्याला "लवचीक बहुलकाचा थर" म्हटलं होतं. तेलाच्या डब्याचा चाडा "शंकूच्या आकाराचा भरणकक्ष" झाला होता. अरे बापरे, काय ती भाषा! आमच्या दारातलं भंगार नेऊन त्याला असं नटवलं होतं की अम्मीनंही ओळखलं नसतं. आणि आम्ही या समस्येवर दीर्घकाळ चिंतन केले, असंही एक वाक्य होतं. भजी खात केलं असेल ते चिंतन. रागाच्या भरात शेवटचे दावे मी त्या दिवशी नीट वाचलेच नाहीत.

मी अब्बांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"अच्छा?" अब्बा खूश. "माह्या मशीनचा फोटू छापला सरकारनं?"

"फोटो नाही छापला, अब्बा. मालकी दिली. त्या लोकांना. आता ते मशीन त्यांचं आहे."

"नाव नाई का माहं कुठी?"

"नाही."

मग म्हणाले, "चाय पेऊन गेले होते बेटा ते." बस, एवढंच. मला तर त्या क्षणी त्या कंपनीच्या ऑफिसात जाऊन टेबलावरच्या फायली भिरकावाव्यात असं वाटलं, आणि हा माणूस चहाचं दुःख करत होता.

पुढे कंपनीचा माणूस अब्बांच्या दारात नोटीस घेऊन आला. इंग्रजीतली. अब्बांनी फोटो पाठवला, मी वाचून सांगितलं. आमच्या पेटंटाचं उल्लंघन होत आहे, ही यंत्रे बनवणे ताबडतोब थांबवा, नाही तर नुकसानभरपाई मागू. चोर तो चोर, वर शिरजोर! अब्बांनी मात्र ऐकलं आणि थांबवलं. चकत्या पोत्यात बांधून कोपऱ्यात ढकलल्या. चैत्र लागला होता, चार काळा पडायला आला होता. गावांतून बाया यायला लागल्या. त्यांना अब्बा म्हणायचे, "औंदा बंद हाय बाई."

"काऊन भाऊ?"

"तब्येत बरी नाई."

अम्मीनं मला हे फोनवर सांगितलं. पूर्ण तालुक्याशी मिशीची पैज लावणारा माणूस आजारपणाचं सोंग घेत होता, कारण खरं सांगायची त्याला लाज वाटत होती. बायांनी पुन्हा जाती काढली. चारोळी पुन्हा चेंदामेंदा व्हायला लागली.

विरोध करता येतो हे मला ठाऊक होतं. पेटंट मंजूर झालं तरी ठरलेल्या मुदतीत पेटंट ऑफिसात अर्ज करून म्हणता येतं की बाबांनो, ही वस्तू तर लोक आधीपासून उघड्यावर वापरत होते, हिच्यात नवीन ते काय? मुदत संपलेली नव्हती. मी अब्बांना म्हटलं, आपण विरोध करू, मी लिहिते.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नाई, बेटा."

"अब्बा, कोर्ट नाही ते. पेटंट ऑफिस आहे."

"पायरी तं पायरीच हाय न. आपन लहान मानसं. जाऊ दे."

हे "आपण लहान माणसं" ऐकलं की मला इतका संताप येतो! लहान कोणी केलं आपल्याला? माझं त्यांच्याशी भांडण झालं, चांगलं कडाक्याचं. मी फोन आपटला. अर्ज त्यांच्याशिवाय काय कामाचा? मशीन त्यांचं, सही त्यांची लागणार.

मग एक दिवस त्यांचाच फोन आला. आवाज जरा वेगळा होता, दबलेला, पण आतून गुदगुल्या होत असल्यासारखा. "बेटा, एक विचारू का? गिऱ्हाइकानं दुसऱ्याचं मशीन दुरुस्तीले आनलं तं मी हात लावू का नको?"

झालं असं होतं की एका बचत गटानं कंपनीचं मशीन घेतलं होतं. भगव्या रंगाचं, चकचकीत, वर कंपनीची पाटी. आणि गटातल्या एकाही बाईला ते धड फिरवता येईना. दांडा डावीकडे! डाव्या हातानं फिरवून खांदे भरून आले, उलटं बसून बघितलं तर बिया अंगावर सांडायला लागल्या. शेवटी बायांनी ते बंडीत घातलं आणि आणलं थेट अब्बांकडे. "भाऊ, उलटं बनवलं हाय मेल्यानं. याचा दांडा इकडून तिकडे करून द्या."

मी फोनवर इतकी हसले की नवरा झोपेतून उठून विचारायला लागला, काय झालं. कंपनीनं एका डावखुऱ्या बाईच्या मापाचं मशीन चोरलं आणि सगळ्या जंगलाला विकलं. कपडे चोरताना माप तरी बघावं माणसानं!

पण अब्बांना उत्तर द्यायचं होतं, म्हणून मी पेटंटाची पूर्ण फाईल उघडली. ऑफिसात अर्ज आल्यापासूनची सगळी पत्रं त्यात असतात आणि कोणालाही वाचता येतात. कंपनीचा मूळ दावा मोठा होता, दोन चकत्या आणि मध्ये रबर असलेलं कुठलंही मशीन आमचं. परीक्षकानं हरकत घेतली की रबर लावून बिया फोडायची यंत्रं परदेशात जुनीच आहेत, तुमचं वेगळं काय? त्यावर कंपनीनं उत्तर दिलं होतं. आमच्या यंत्रात दांडा डाव्या बाजूस आहे. त्यामुळे वापरणाऱ्याचा उजवा हात बिया टाकायला मोकळा राहतो आणि काम अनपेक्षितरीत्या सुधारते. अनपेक्षित! परीक्षकानंही ते मानलं. डाव्या हातानं खरंच कोण फिरवून बघतंय, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. पहिल्या दाव्यात डाव्या बाजूचा दांडा घालून घेतला आणि पेटंट मंजूर.

हसता हसता माझे डोळे भरले, रागानं. आमच्या अब्बांचा एका बाईसाठी केलेला साधा विचार यांनी ऑफिसात विकला, तोही न समजता.

पण कामाची सवय वाईट असते. रडतानाही माझी नजर दाव्यावरच होती. दाव्यात जेवढ्या गोष्टी लिहिल्या तेवढ्या सगळ्या मशीनमध्ये असतील, तरच उल्लंघन. एक जरी नसली तरी मशीन कुंपणाबाहेर. क्लायंटांना मी हाच वळसा सांगत आले. इथे तर कुंपणाचं दार कंपनीनंच उघडं ठेवलं होतं. दांडा उजवीकडे असला की मशीन त्यांचं नाही!

"अब्बा," मी ओरडलेच, "दांडा उजवीकडे लावा. सगळ्यांना लावून द्या. कोणाचा बाप काही करू शकत नाही."

"सच?"

"कागदावर लिहून देते."

चकत्या पोत्यातून बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशीपासून आलापल्लीत खडू चालायला लागला. अम्मी सांगत होती, तब्येतीचं कोणी विचारलं तर "हवा बदलली" म्हणतात. मला वाटलं, जिंकलो आपण. अर्ज नाही, पायरी नाही, भांडण नाही. फर्ममध्ये याच कामाची शाबासकी मिळते मला.

मी माहेरी गेले ती अशीच फुशारकीत. दारात चार-पाच बाया बसलेल्या, ट्यूब कापल्याचा वास, अब्बा गॉगल कपाळावर चढवून बडबडत होते. तेवढ्यात ती आली. तीच, पहिली बाई. नवऱ्याच्या सायकलच्या कॅरिअरला तिचं जुनं मशीन बांधलेलं होतं. चकत्या झिजून सपाट, चौकट दोन्हीकडून तडकलेली. दुरुस्तीपलीकडचं.

"मिस्त्रीभाऊ, आता नवीनच द्या बनवून. चार पिकला न."

अब्बांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी त्यांच्याकडे बघितलं. आणि तेव्हा, या अल्लाह, तेव्हा मला कळलं की मी काय वळसा काढला होता. उजव्या दांड्याचं मशीन कोणालाही बनवता येतं. डाव्या दांड्याचं फक्त कंपनीला. पूर्ण जंगलात ज्या एका बाईसाठी हे मशीन पहिल्यांदा झालं, तिच्यासाठीच ते बनवायला आता मनाई होती.

सांगायचं माझ्यावर आलं. मी तिला सांगितलं, जमेल तितक्या सोप्या शब्दांत. एका कंपनीनं सरकारकडून लिहून घेतलंय, दांडा डावीकडे असलेलं मशीन फक्त त्यांनीच करायचं. हवं तर बाई तुम्ही त्यांचं विकत घ्या.

तिनं नीट ऐकलं.

"म्हंजे या सगळ्याईचं चालते. फक्त माह्यं नाई?"

"हो."

"पन ते तं माह्याच हातावरून बनवलं होतं न, बाई." तिनं स्वतःच्या डाव्या हाताकडे बघितलं. "मंग आता काय, हात बदलवून घेऊ?"

इतके रिपोर्ट लिहिले आजवर, इतक्या वेळा इथून वळा, तिथून वळा म्हणून सांगितलं, आणि ज्याला वळता येत नाही त्याचं काय, हे कधी कोणी मला विचारलंच नव्हतं. कंपनीवर, परीक्षकावर, त्या भगव्या मशीनवर, सगळ्यांवर एकदमच संताप आला.

तिचा नवरा सायकलवरून मोडकं मशीन सोडायला लागला, भंगारात टाकायला. मी धावले. "खबरदार! त्याला कोणी हात लावायचा नाही. ते इथेच राहील." तो माझ्याकडे बघतच राहिला. त्या लोकांच्या अर्जाच्या कितीतरी आधी दहा गावांच्या बायांनी तिला उघड्यावर वापरताना पाहिलेलं मशीन होतं ते. त्याच्यासारखा पुरावा कुठून आणणार होते मी?

अब्बांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी मातीत गोणपाट अंथरलं होतं आणि खिशातून खडू काढला होता.

"बस बाई," ते म्हणाले. "हात फिरवून दाखव."

"अब्बा, थांबा. नोटीस येईल."

ती बसली. तिनं डावा हात उचलला आणि हवेत फिरवायला लागली. या वेळी भीतभीत नाही, चांगला जोरात. अब्बांनी चौकटीच्या डाव्या अंगाला खडूनं खूण केली, दोनदा गिरवली.

"अब्बा, खरंच सांगते. नोटीस येईल."

"येऊ दे," माझ्याकडे न बघता ते म्हणाले. "कुठी सही करा लागते ते सांग. तू कायले शिकली मंग?"

मी बाजेवर बसले, लॅपटॉप मांडीवर घेतला आणि विरोधाचा अर्ज लिहायला घेतला.